सापाच्या पेटीतलं ऊन, सावली आणि ओल

पहिला साप आणायचा ठरला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "पेटीचं तापमान किती ठेवायचं?" घोळ या प्रश्नापासूनच सुरू होतो, कारण सगळ्या पेटीला मिळून एक तापमान असूच नये.

मोकळा साप सकाळी दगडावर ऊन खात पडतो. अंग तापलं की कपारीत सरकतो. पोटात भक्ष्य असेल तर पुन्हा उबेला येतो, कात टाकायची वेळ जवळ आली की ओलसर बिळात जाऊन बसतो. आपल्या शरीरात आत भट्टी पेटलेली असते, त्याच्या नसते. ऊब बाहेरून घ्यायची आणि बाहेरच सोडायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. म्हणून पेटीच्या एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली आणि कुठेतरी ओल एवढी सोय आपण करायची. कुठे बसायचं ते तो ठरवतो. पुढचं सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

एक अट मात्र आधीच सांगतो. पेटी आधी, साप नंतर. रिकामी पेटी निदान आठवडाभर चालवून बघा. साप आत असताना तापमान जुळवत बसणं म्हणजे पाहुणा जेवायला बसल्यावर चूल पेटवण्यासारखं आहे.

पायरी १: साप कोणता, त्यावर आकडे

सगळ्या सापांना एकच हवामान चालत नाही. नवखे लोक जे साप जास्त पाळतात, त्यांच्यासाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आकडे असे आहेत. पहिला आकडा उबदार टोकाच्या पृष्ठभागाचा, दुसरा थंड टोकाचा, दोन्ही अंश सेल्सिअसमध्ये, शेवटी आर्द्रता.

- बॉल पायथन: ३१ ते ३३, २५ ते २७, आर्द्रता ६० ते ८० टक्के.
- कॉर्न स्नेक: २९ ते ३१, २२ ते २५, ४० ते ६० टक्के.
- वेस्टर्न हॉगनोज: ३२ ते ३४, २२ ते २५, ३० ते ५० टक्के.
- केनियन सँड बोआ: ३२ ते ३५, २४ ते २७, ३० ते ५० टक्के.
- ब्राझिलियन रेनबो बोआ: २८ ते ३०, २३ ते २५, ७५ टक्क्यांच्या वर, आणि पिल्लांना त्याहून जास्त. ओलाव्याचं गणित अजून हातात बसलेलं नसेल तर हा पहिला साप म्हणून घेऊ नका.

हे आकडे पाहून एक शंका येते. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला, तिथे तर बराच काळ हवा कोरडी असते. मग त्याला एवढी ओल कशाला? कारण तो दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात काढतो आणि जमिनीखालची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट असते. त्या देशाचं हवामान वाचून पेटी लावली तर फसाल. सापाच्या अंगाभोवतीचं हवामान बघायचं.

पायरी २: हीटरच्या आधी मोजणारी साधनं

खरेदीच्या यादीत ही साधनं शेवटी असतात. त्यांना पहिला क्रमांक द्या. तीन गोष्टी लागतात: वायरच्या टोकाला प्रोब (तापमान टिपणारं टोक) असलेला डिजिटल थर्मामीटर (दोन घ्या, दोन टोकांसाठी), आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर, आणि पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन.

काचेला चिकटवायच्या काटेवाल्या गोल तबकड्या घेऊ नका. माझ्या पहिल्या पेटीत अशी एक तबकडी होती. काटा कायम ६० टक्क्यांवर, मी खूश. सापाची कात मात्र तुकड्या-तुकड्यांनी निघायची. तीन वेळा तसं झाल्यावर डिजिटल मीटर आणला, तर आत ३८ टक्के. तबकडी बाहेर काढून कोरड्या खोलीत ठेवली, तरी काटा ६० वरच. तो जागचा हललाच नव्हता कधी.

डिजिटल मीटरही डोळे झाकून मानायचा नाही. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत ठेवा आणि आठ-दहा तास हात लावू नका. ओल्या मिठाभोवतीची कोंडलेली हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. तुमचा मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी सांगतो हे मागे लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी ते धरूनच वाचा. सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा घ्या, कारण हे मीटर हळूहळू सरकतात.

इन्फ्रारेड गनबद्दल दोन गोष्टी. ती ज्या पृष्ठभागावर रोखाल त्याचं तापमान दाखवते, हवेचं दाखवत नाही. आणि काचेतून आत रोखली तर आतल्या दगडाचं तापमान कळत नाही, काचेचंच कळतं. झाकण उघडून मोजा. चकचकीत धातूवरही ती चुकते.

प्रोब कुठे ठेवायचे? साप जिथे असतो तिथे, म्हणजे जमिनीलगत. भिंतीच्या वरच्या भागात लावलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो, आणि साप काही भिंतीवर बसत नाही. (झाडावर राहणारा असेल तर त्याच्या फांदीच्या उंचीला लावा.)

पायरी ३: पेटी

वर जाळी असलेली काचपेटी दिसायला छान, पण ऊब आणि ओल दोन्ही वरून निघून जातात. कोरड्यात राहणाऱ्या हॉगनोजला ती उत्तम. बॉल पायथनसाठी तीच वापरायची असेल तर जाळीचा दोन-तृतीयांश भाग अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका. वर दिवा असेल तर त्याच्याभोवती भरपूर जागा मोकळी सोडा. पीव्हीसीची पेटी दोन्ही धरून ठेवते. लाकडाची ऊब धरते, पण आतून नीट सील केलेली नसेल तर ओल पिऊन फुगते आणि बुरशी धरते.

पेटी खिडकीपाशी ठेवू नका. "तेवढंच नैसर्गिक ऊन" असं वाटतं, पण काचेतून आलेल्या उन्हात बंद पेटी बघता बघता भट्टी होते आणि आतल्याला पळायला जागा नसते.

पायरी ४: ऊब एका टोकाला

सगळे हीटर पेटीच्या एकाच टोकाला. मधोमध लावलात तर दोन्ही टोकं कोमट होतात आणि सापाकडे निवड उरत नाही. पेटीची लांबी इथे फार कामाला येते. लहानशा डब्यात ३२ आणि २५ अंश शेजारी-शेजारी टिकवणं अवघड असतं.

हीट मॅट ही काचपेटीच्या तळाला बाहेरून चिकटवायची पातळ चादर. तळाच्या एक-तृतीयांश भागापर्यंतच ठेवा. पेटीखाली छोटे पाय लावून मॅटखाली हवेला वाट द्या, नाहीतर उष्णता कोंडून काच तडकू शकते. मॅट हवा तापवत नाही, फक्त तिच्या वरचा पृष्ठभाग तापवते. खोलीच थंड असेल तर एकट्या मॅटवर भागत नाही. मॅटवर सबस्ट्रेटचा (पेटीच्या तळाला पसरायच्या भुशाचा किंवा सालीचा) जाड थर टाकला तर वर ऊब पोचत नाही, खाली मात्र काच तापत राहते, आणि उकरत खाली गेलेला साप थेट तिच्यावर जाऊन बसतो. लाकडी किंवा पीव्हीसी पेटीखाली मॅट लावण्यात अर्थ नाही. तो तळ उष्णता अडवतो.

हॅलोजन दिवा वरून तापवतो आणि खऱ्या उन्हाच्या सर्वांत जवळचा तोच. त्याची उष्णता अंगात थोडी खोलवर जाते, खालचा दगडही तापतो. उजेड असल्याने फक्त दिवसा लावायचा. सिरॅमिक हीटर उजेड न देता तापतो, म्हणून रात्री उपयोगी, पण तो हवा चांगलीच कोरडी करतो. पीव्हीसी पेटीच्या छताला लावायचं, खाली ऊब सोडणारं सपाट रेडियंट पॅनल मोठ्या सापांसाठी सोयीचं.

लाल दिवा "रात्रीसाठी" म्हणून विकला जातो. घेऊ नका. रात्री अंधारच हवा. उजेडाचा रंग बदलून अंधार होत नाही.

आणि विजेवर तापणारे नकली दगड तर दारातच येऊ देऊ नका. त्यांचा एखादा भाग नुसता कोमट असतो आणि शेजारचा भाजणारा. इथे सापांची एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारात उंदराच्या अंगाची ऊब त्याला कळते. तोच साप पोटाखालच्या अति तापलेल्या जागेवरून वेळेत उठेलच याची खात्री नाही. पोट भाजलं तरी बसून राहिलेले साप पशुवैद्यांकडे येतात. "जास्त गरम झालं तर सरकेल की" या भरवशावर काहीही चालू ठेवू नका.

वरून लोंबणाऱ्या, तापणाऱ्या प्रत्येक वस्तूला जाळीचं संरक्षण हवं. साप तिथवर पोचणार नाही असं तुम्हाला वाटतं. तो पोचतो. सिरॅमिक हीटरला चिनी मातीचाच होल्डर लावा, प्लॅस्टिकचा वितळेल.

पायरी ५: थर्मोस्टॅटशिवाय काहीच चालू करायचं नाही

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. हीटरला ठरवलेल्या तापमानावर आवरणारं यंत्र म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्याशिवाय मोकळी सोडलेली मॅट ४५ अंशांच्याही वर जाऊ शकते.

थर्मोस्टॅट तीन प्रकारचे. साधा चालू-बंद करणारा मॅटला पुरतो. पल्स प्रकारचा ठरावीक झटक्यांनी वीज देतो; मॅट आणि सिरॅमिक हीटरला चांगला. डिमिंग प्रकारचा वीज कमी-जास्त करतो. हॅलोजनला हाच लागतो, कारण चालू-बंदवर दिवा दिवसभर लुकलुकतो आणि लवकर जातो. हीटर आणि थर्मोस्टॅट एकमेकांना चालतात का, हे विकत घेण्याआधी बघा.

आता त्याच्या प्रोबची जागा. मॅट असेल तर प्रोब पेटीच्या बाहेरून, मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का बसवा. आत ठेवलात तर तीन गोष्टी होतात: साप तो ओढून दुसरीकडे नेतो, त्याच्यावर लघवी करतो, किंवा पाण्याचं भांडं त्यावर सांडतं. ओला प्रोब थंड पडतो. थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारठली, आणि तो हीटर जोरात चालू ठेवतो. माझ्याकडे चिकटपट्टी सुटून आतला प्रोब थंड टोकाला जाऊन पडला होता. सकाळी गन रोखली तर उबदार टोक ४३ अंश. साप थंड टोकाच्या कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून पेटीच्या आत चिकटपट्टी वापरत नाही. सुटलेली पट्टी सापाच्या खवल्यांना चिकटली तर ती काढणं हे वेगळंच संकट.

वरून तापवत असाल तर प्रोब उबदार जागेच्या भिंतीला, साप बसतो त्या उंचीला, क्लिपने घट्ट लावा.

थर्मोस्टॅटवर ३२ लावलं म्हणजे आत ३२ झालं असं समजू नका. प्रोब काचेखाली आहे, साप सबस्ट्रेटच्या वर. थर्मोस्टॅट चालू करा, तीन-चार तास जाऊ द्या, गनने आतला पृष्ठभाग मोजा, मग एकेक अंशाने वर-खाली करा. थर्मोस्टॅटवर शेवटी ३५ दिसेल आणि आत ३२ असेल. आतलं खरं मानायचं. सबस्ट्रेट बाजूला सारून मॅटवरची काचही एकदा मोजा, कारण उकरणारा साप तिथवर जाणारच.

वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ घेऊ द्या. पाणी ओघळलं तर झोळावरून जमिनीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

पायरी ६: लपायच्या जागा दोन

एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही साधारण सारख्या आणि अंग सगळीकडून टेकेल एवढ्या घट्ट. एकच ठेवली तर साप सुरक्षितता आणि तापमान यांत अडकतो, आणि बहुतेक वेळा सुरक्षितता निवडतो. मग तो अंग गारठवून घेईल पण उघड्यावर येणार नाही, आणि तुम्ही म्हणाल याला थंडच आवडतं.

पायरी ७: ओल

इथे नवखे सर्वांत जास्त गोंधळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आर्द्रतेचा आकडा एकटा काही सांगत नाही. तो तापमानाला बांधलेला असतो.

गरम हवेत जास्त पाणी मावतं. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते, ३२ अंशांच्या हवेत सुमारे ३४ ग्रॅम. आता समजा थंड टोकाला २५ अंशांवर आर्द्रता ६० टक्के आहे, म्हणजे हवेत साधारण १४ ग्रॅम पाणी आहे. तीच हवा सरकत उबदार टोकाला गेली आणि ३२ अंशांपर्यंत तापली. पाणी तेवढंच, मावण्याची जागा वाढली. आर्द्रता झाली सुमारे ४१ टक्के. कुणी एक थेंब काढून घेतला नाही आणि आकडा तिसऱ्या हिश्शाने घसरला. म्हणून हायग्रोमीटर नेहमी एकाच जागी ठेवा, शक्यतो थंड टोकाला, आणि शेजारचं तापमान बघूनच आकडा वाचा. हीटर वाढवलात की ओलही पुन्हा जुळवावी लागते. या दोन गोष्टी वेगळ्या हाताळता येत नाहीत.

आपल्या भाषेत यासाठी तीन चांगले शब्द आहेत: दमट, कोंदट, ओलं. सापाला दमट हवा हवी. कोंदट नको, म्हणजे ओलावा आहे पण हवा हलत नाही अशी. तिच्यात बुरशी आणि श्वसनाचे रोग वाढतात. आणि बसायची जागा ओलीचिंब तर अजिबात नको. पोटाखाली सतत पाणी राहिलं की खवल्यांखाली कुजायला लागतं, तपकिरी डाग आणि फोड येतात. ओलावा वाढवायचा म्हणून हवेची सगळी भोकं बुजवणारे दमट करायला जातात आणि कोंदट करून ठेवतात.

सगळं सबस्ट्रेटवर अवलंबून आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा, काथ्याचे तुकडे, सायप्रसची साल हे ओल धरून हळूहळू सोडतात. पाच ते दहा सेंटीमीटरचा थर द्या. अस्पेनचा भुसा कॉर्न स्नेक आणि हॉगनोजला बरा, पण ओला झाला की लगेच बुरशी धरतो. देवदार आणि पाइनचा ताजा भुसा वापरू नका. त्यातली तेलं सापाला बाधतात.

मग पाणी कसं द्यायचं? वरून फवारू नका. पेटीच्या कोपऱ्यांत, कडेला ओता. पाणी खाली जातं, खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. खालची ओल उबेने वर येत हवा दमट ठेवते आणि सापाचं पोट कोरडं राहतं. किती ओतायचं ते पेटीवर अवलंबून. अर्ध्या कपाने सुरुवात करून दुसऱ्या दिवशी मीटर बघा. तळाला पाणी साचता कामा नये. मूठभर खालचा थर घट्ट दाबा: गोळा झाला पण पाणी टपकलं नाही, तर बरोबर.

तुम्ही तळाला मॅट लावली आहे आणि जाड ओला थरही हवा आहे, तर वर सांगितलेली अडचण इथे परत भेटते. जाड थर मॅटची ऊब अडवतो. दमटपणा हवा असलेल्या सापाला म्हणूनच वरून दिलेली उष्णता बरी पडते.

पसरट तोंडाचं पाण्याचं भांडं खोलगट भांड्यापेक्षा जास्त वाफ देतं. उबदार टोकाकडे सरकवलं की आर्द्रता वाढते, थंड टोकाला नेलं की उतरते. एवढ्यानेच कितीतरी पेट्यांचं काम भागतं आणि हे फुकटात होतं. कॉर्न स्नेकसाठी मी याशिवाय काहीच करत नाही.

फवारणीने मीटर ९० वर जातो, तासाभरात परत खाली. दिवसातून पाच वेळा फवारलं तर वरचा थर कायम ओला, म्हणजे जे टाळायचं तेच. धुकं सोडणारी यंत्रं दिसायला मजेदार, पण त्यांच्या टाकीत जंतू साचतात आणि तेच धुक्यातून सापाच्या फुप्फुसात जातात. नवख्याने या दोन्हींच्या मागे लागू नये.

त्याऐवजी ओली डबी करा. झाकण असलेला प्लॅस्टिकचा डबा, बाजूला साप सहज जाईल एवढं भोक, कडा घासून गुळगुळीत, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं एक शेवाळ). पेटीच्या मधल्या भागात किंवा उबेच्या जरा जवळ ठेवा. बाकी पेटी थोडी कोरडी राहिली तरी सापाला दमट बीळ मिळतं. वाळवंटी सँड बोआसुद्धा कात टाकण्याआधी अशा डबीत जाऊन बसतो. मॉस आठवड्याला बघा, वास आला की बदला.

पायरी ८: आठवडाभर रिकामी पेटी

सकाळ, दुपार, रात्र: उबदार पृष्ठभाग, थंड टोक, आर्द्रता. एका वहीत लिहा. रात्री दोन-चार अंश उतरलं तर चालतं, बॉल पायथनसाठी २३ च्या खाली नको. कमाल-किमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर असेल तर तुम्ही झोपलेले असताना काय झालं तेही कळतं. सलग तीन दिवस आकडे मर्यादेत राहिले की साप आणा. मग लगेच हाताळायला जाऊ नका, आठवडाभर त्याला जागा ओळखू द्या.

साप काय सांगतोय

मीटरपेक्षा साप जास्त खरं बोलतो. फक्त एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका.

कायम उबदार टोकालाच पडून असेल तर पेटी एकूण थंड आहे. कायम थंड टोकाला चिकटलेला असेल तर उबदार टोक जास्तच तापलंय. दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसतो? पेटी गरम आहे, हवा कोरडी आहे, किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक माइट्स आहेत. पाण्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर माइट्सच. खाल्लेलं दोन-तीन दिवसांनी बाहेर टाकलं तर सर्वांत आधी उबदार टोक मोजा. ऊब नसेल तर भक्ष्य पचत नाही, पोटातच सडायला लागतं. त्यानंतर किमान दहा ते चौदा दिवस पुन्हा खायला देऊ नका.

तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, नाकातोंडाशी चिकट स्राव, डोकं वर धरून बसणं: ही श्वसनाच्या संसर्गाची लक्षणं. तापमान तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडेच जायचं.

कात अडकली तर

डोळे निळसर-दुधी झाले की कात जवळ आली. त्या दिवसापासून ओली डबी भरलेली हवी आणि आर्द्रता आकड्याच्या वरच्या टोकाला. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांत कात पडते. निरोगी कात मोज्यासारखी अखंड उतरते. ती उचलून दोन ठिकाणी बघा: डोळ्यांवरच्या दोन गोल टिकल्या आल्यात का आणि शेपटीचं टोक आलंय का. शेपटीवर कातीचं कडं राहिलं तर रक्त अडून टोक मरतं.

तुकडे राहिले असतील तर हवा येईल अशा डब्यात कोमट पाण्याने ओला करून पिळलेला टॉवेल ठेवा आणि सापाला अर्धा-पाऊण तास त्यात राहू द्या. पाणी २८ ते ३० अंश, थर्मामीटरने मोजलेलं. तुम्ही तिथून हलायचं नाही. मग ओल्या फडक्यातून त्याला आपणहून सरकू द्या. कात सैल होऊन फडक्यात राहते. नखांनी सोलू नका. डोळ्यावरची टिकली तर अजिबात ओढायची नाही, डोळाच जाईल. ओल वाढवा, पुढच्या कातीबरोबर ती बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर पशुवैद्य.

खोली तापली, किंवा वीज गेली

गारठा साप काही तास सोसतो, अति उष्णता सोसत नाही. पेटीत कुठेही ३५ च्या खालची जागा उरली नाही तर जिवावर बेतू शकतं. खोलीच ३२ वर गेली की थर्मोस्टॅट हीटर बंद करेल, तुम्ही प्लगही काढा. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून थंड टोकाच्या बाहेर, काचेला टेकवून ठेवा, आत नको. थंड टोकाच्या जाळीवर ओलं फडकं टाकून त्यावरून पंख्याचा झोत जाऊ द्या. ओल्या फडक्याने आर्द्रता वाढेल, ती एखादा दिवस चालते.

थंडीत वीज गेली तर पेटीवर तीन बाजूंनी पांघरूण घाला, हवेची भोकं उघडी ठेवून. जास्त वेळ लागणार असेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून उबदार टोकाला बाहेरून लावा आणि दर तासाला मोजा. साप कपड्याच्या पिशवीत घालून पोटाशी धरणारेही आहेत. कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी मी एका रात्री ते केलंय आणि झोप काही लागली नाही. नुकतंच खाल्लेल्या सापाला मात्र हात लावू नका, तो ओकेल. आणि वीज कधीही जाईल असे दिवस असतील, तर त्या आठवड्यात खायलाच घालू नका.